शेवटचा रकाना

कामावर जाताना माझ्या पिशवीत सात वस्तू असायच्या. हजेरीची वही, गोष्टींची फाईल, रंगीत खडू, चिकटपट्टी, बिल्ल्यांचं पाकीट, एक छोटी किल्ली आणि हात पुसायला नॅपकिन. या सातांची यादी पिशवीच्या आतल्या बाजूला चिकटवलेली होती. घरातून निघताना एकदा आणि शाळेतून निघताना एकदा ती बघायची. चौदा वर्षांत एकही वस्तू हरवली नाही. हे मी पूर्वी अभिमानाने सांगत असे. आताही सांगते, पण आवाज जरा खाली आणून.

माझं काम मूल्यशिक्षणाचं. पुण्यातल्या महापालिकेच्या शाळांमध्ये एका संस्थेतर्फे मी हा तास घेत असे. बारा शाळा, पाचवी ते आठवी, आठवड्यातून एकदा पस्तीस मिनिटं. तास बहुतेक वेळा शेवटचा मिळायचा, कारण तो कुणालाच नको असतो.

माझ्या दिरांनी एकदा भर पंगतीत विचारलं होतं, "म्हणजे वहिनी, पोरांना 'चांगलं वागा' सांगायचं आणि त्याचा पगार घ्यायचा?"

"हो," मी म्हटलं, "आणि ती वागली नाहीत तरी घ्यायचा."

कामाची पद्धत सोपी होती. दर महिन्याला एक मूल्य. जूनमध्ये वक्तशीरपणा, जुलैत स्वच्छता, सप्टेंबरात सचोटी, असं मार्चपर्यंत. तासाला एक गोष्ट सांगायची, तिच्यावर चार प्रश्न, मग एखादा खेळ. महिनाअखेरीस परिपाठाला, म्हणजे सकाळी सगळी शाळा रांगेत उभी असते तेव्हा, त्या मूल्यात उजव्या ठरलेल्या मुलाच्या शर्टाला बिल्ला लावायचा. मग त्या महिन्याचा अहवाल. मुलं घडतात की नाही हे मोजण्याचं यंत्र कुणाकडे नव्हतं, म्हणून अहवाल होता.

येरवड्याच्या एका शाळेत मी वक्तशीरपणाचा तक्ता लावला होता. वेळेवर आलं की नावापुढे चांदणी. एका मुलीपुढे महिनाभर एकही चांदणी नाही. मी तिला बाजूला घेऊन विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, आमच्या गल्लीत पाणी साडेसहाला येतं आणि सव्वासातला जातं. शाळा सातला. मी काय करू, तुम्हीच सांगा." मी तक्त्यात 'सबळ कारण' असा नवा रकाना आखला आणि त्याला निळी चांदणी ठरवली. पुढच्या आठवड्यात अर्ध्या वर्गाला सबळ कारणं झाली. तरी मी खूश होते. अडचण आली की रकाना आखायचा, ही माझी रीत होती.

धायरीच्या शाळेत एका मुलाचे आजोबा मला शोधत आले. डोक्याला टोपी, हातात काठी.

"बाई, चांगलं वागायचं शिकवनाऱ्या त्या तुमीच का?"

"हो, मीच."

"मग आमच्या नातवाला जरा कमी शिकवा. चार दिस झाले, माजी तंबाखूची डबी गायब हाय. त्याला इचारलं तर म्हनतंय, मूल्य हाय."

डबी माझ्याच पिशवीत होती. नातवाने ती 'आरोग्य' या मूल्याखाली माझ्याकडे जमा केली होती. माझ्या पिशवीतली आठवी वस्तू ती एकच, आणि मी ती मुकाट्याने परत केली.

अशा गमती मी पुष्कळ सांगू शकते. या लेखासाठी काढलेल्या यादीत अकरा होत्या. पण यादी करताना बारावी ओळ सारखी वर येत राहिली. ती लिहायची तर बाकीच्यांना जागा उरत नाही.

त्या ओळीतल्या मुलीला मी इथे वैशाली म्हणते. हे तिचं नाव नाही. शाळा कुठल्या भागातली तेही सांगणार नाही. नाव न लिहूनही काय होऊ शकतं, ते पुढे येईलच.

सचोटीच्या महिन्यासाठी मी एक पेटी तयार केली होती. लाकडी, वरती फट, पुढे कुलूप, तिची किल्ली माझ्या पिशवीत. मुलांनी स्वतःच्या हातून घडलेली किंवा बघितलेली खोटेपणाची गोष्ट चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायची. नाव घातलं तर घातलं, नाही तर नाही. दर वर्गात मी एकच वाक्य सांगे, आणि तो वर्ग तेच माझ्यामागून म्हणे: "खरं सांगितलं तर शिक्षा नाही." मुलांना ते फार आवडायचं. काही वर्गांत तीनदा म्हणावं लागे.

वैशालीच्या सातवीचे वर्गशिक्षक सय्यद सर. भवानी पेठेतलं जुनं घर, वडील आणि आजोबा दोघंही शिक्षक. मराठी असं शिकवत की शेवटच्या बाकावरची मुलंही व्याकरणावर हसत. पेटीकडे पाहून ते म्हणाले, "मॅडम, पेटीला कुलूप लावलंत, उत्तम. वहीला काय लावणार?"

"कुठल्या वहीला?"

"तुम्ही सगळं लिहून ठेवता ना, त्या."

मी हसले. माझ्या नोंदींत मुलांची नावं नसत. खर्च देणाऱ्या कंपनीला महिन्याला अहवाल लागे, त्यासाठी मी स्वतः एक तक्ता बनवला होता. अनुक्रमांक, शाळा, इयत्ता, घटना, कार्यवाही. पाच रकाने. नावाचा रकाना मी मुद्दाम ठेवला नव्हता आणि बैठकीत ते ठासून सांगितलंही होतं. शेवटचा, कार्यवाहीचा, रकाना मात्र माझ्या आग्रहाने आला. मुलाने काही सांगितलं आणि आपण काहीच केलं नाही, असं दिसायला नको. आणि रकाना रिकामा ठेवायचा नाही, हा नियम तर मी सगळ्या सहकाऱ्यांना घालून दिला होता.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पेटीत एक चिठ्ठी निघाली. मी तिची चौकोनी घडी उलगडली. अक्षर गोल, ओळी सरळ. मजकूर मला पाठ आहे.

'माझी आई शाळेत खिचडी शिजवते. उरलेली खिचडी ती डब्यात घरी आणते. सरांनी विचारलं तर सांगते की टाकून दिली. मी आणि माझा भाऊ ती संध्याकाळी खातो. मला खिचडी आवडते. पण आई खोटं बोलते म्हणून मी लिहिलं. वैशाली.'

शाळेत दुपारचा आहार बचत गटाच्या बायका शिजवत. वैशालीची आई त्या गटात होती. मोठाली पातेली एकटीने उतरवणारी, कमी बोलणारी बाई. उरलेलं अन्न कुणी घरी न्यायचं नाही, असा तिथे नियम होता. घरी नेऊ दिलं तर मुलांना कमी वाढून मुद्दाम उरवतील, असं त्यामागचं कारण सांगत. ती बाई तसं करत नव्हती. मुलं तिच्याकडे दुसऱ्यांदा ताट घेऊन जात आणि ती वाढे, हे मी स्वतः पाहिलेलं होतं.

चिठ्ठी वाचून माझे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत इतकी खरी चिठ्ठी मला मिळाली नव्हती. आपलं काम फुकट गेलं नाही असं वाटलं. सोमवारी परिपाठाला मी वैशालीच्या पिनाफोरला सचोटीचा बिल्ला लावला. कशासाठी ते सांगितलं नाही, तेवढं मला कळत होतं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. तिची आई स्वयंपाकाच्या खोलीच्या दारात उभी होती. पदराला हात पुसून तिनेही टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी घरी मी तक्ता भरायला बसले. घटनेच्या रकान्यात लिहिलं: 'विद्यार्थिनीने शालेय आहाराबाबत कुटुंबातील व्यक्तीचे असत्य प्रामाणिकपणे कळवले.' नाव नाही. मग कार्यवाही. आधीच्या सहा नोंदींपुढे 'वर्गशिक्षकांशी चर्चा' असं आलं होतं. सातव्यांदा तेच बरं दिसेना. मी लिहिलं: 'मुख्याध्यापकांना कळवले.'

कळवलं नव्हतं. नुसतं लिहिलं होतं. तक्ता पाठवूनही झाला आणि मग मला ते टोचायला लागलं. सचोटीच्या महिन्याच्या अहवालात आपल्याच हातचं खोटं वाक्य. दोन दिवस मी त्याचाच विचार करत होते. वैशालीचा नाही, तिच्या आईचा नाही, त्या वाक्याचा. गुरुवारी मी मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले आणि त्यांना कळवलं, अहवालात तशी नोंद गेल्याचंही सांगितलं. कागद खरा झाला.

मुख्याध्यापक निवृत्तीला आलेले, सौम्य गृहस्थ. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मॅडम, हे तुम्ही मला का सांगितलंत?"

"आपल्याला माहीत असावं म्हणून."

"मला माहीत होतं हो. शाळेत सगळ्यांना माहीत आहे. पण मला कुणी सांगितलेलं नव्हतं." त्यांनी चष्मा परत घातला. "आता तुम्ही सांगितलंत. वर लेखीही पाठवलंत. उद्या कुणी मला विचारलं की तुम्ही काय केलंत, तर?"

त्यांनाही त्यांचा रकाना होता.

पुढच्या आठवड्यात बचत गटाला पत्र गेलं: खुलासा करावा. पत्रात नाव नव्हतं, पण सचोटीचा बिल्ला कुणाच्या मुलीला मिळाला ते सगळ्यांनी पाहिलं होतं. गटात आठ बायका. एकीमुळे आठ जणींचं काम जायला नको, म्हणून उरलेल्या सात जणींनी वैशालीच्या आईला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. त्यांनाही मी दोष देत नाही. त्यांच्याही घरी मुलं होती, आणि डबे बहुधा त्यांचेही होते.

त्या शुक्रवारी माझा सातवीवर तास होता. गोष्ट संपली, प्रश्न झाले, आणि वैशालीने हात वर केला. बिल्ला अजून पिनाफोरवर होता.

"मॅडम, तुम्ही म्हणाला होतात, खरं सांगितलं तर शिक्षा नाही."

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "पण बाळा, तुला कुठे झाली शिक्षा?"

नोकरीच्या चौदा वर्षांत मी पुष्कळ बोलले. त्यात यापेक्षा वाईट वाक्य मला सापडलेलं नाही. वैशाली खाली बसली. सय्यद सर दारात उभे होते. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

तास संपल्यावर मुख्याध्यापकांनीच मला बोलावून वाट दाखवली. "दोन ओळी लिहून द्या. सदर चिठ्ठीतील मजकूर विद्यार्थिनीने कल्पनेने लिहिलेला आहे, अशा. मुलं लिहितात काहीही. मी फाईल बंद करतो, गटालाही तसं कळवतो."

"पण सर, ते खोटं आहे."

"हो," ते म्हणाले. "आहेच."

मी म्हटलं, विचार करते.

शनिवारी वैशालीच्या घरी गेले. एका खोलीचं घर, दारात घासलेली भांडी उपडी घातलेली. वैशाली उंबऱ्यावर मेथी निवडत बसली होती. तिची आई ओरडेल, रडेल, असं धरून मी गेले होते. तिने खुर्ची पुसली.

"बसा मॅडम. चहा टाकते."

"चहा नको. मी फार मोठी चूक..."

"ते जाऊ द्या. मोठे सर म्हणाले, तुम्ही लिहून दिलं की होईल म्हणून. पोरीने आपलं मनानंच लिहिलं होतं, असं लिहा. ती सांगेल ना तसं. ए वैशू, सांग मॅडमना. मी आपलं असंच लिहिलं होतं, म्हण."

वैशालीने मेथीवरून नजर न उचलता म्हटलं, "मी आपलं असंच लिहिलं होतं."

"तोंड वर करून सांग. नीट."

तिने माझ्याकडे पाहिलं. वर्गात माझ्यामागून वाक्य म्हणायची, त्याच सुरात ती म्हणाली, "मी आपलं असंच लिहिलं होतं."

"बघा," आई म्हणाली. "सांगेल ती. हुशार आहे."

यानंतर तरी मी त्याच पावली जाऊन लिहून द्यायला हवं होतं. मी दिलं नाही. घरी येऊन वहीत दोन बाजू मांडल्या. एका बाजूला त्या बाईचं काम. दुसऱ्या बाजूला: मुलीच्या नावावर कायमचा खोटेपणाचा शिक्का, तोही सचोटीचा बिल्ला दिलेल्या मुलीच्या, कार्यक्रमाची विश्वासार्हता, बाकीच्या अकरा शाळा, चुकीचा पायंडा. दुसरी बाजू लांबलचक झाली. तिथे लिहायचं राहिलेलं कारण एकच होतं: माझ्या सहीखाली खोटं वाक्य असणं मला सहन होत नव्हतं.

सोमवारी सय्यद सरांनी विचारलं, "लिहिताय ना, मॅडम?"

"विचार चालू आहे."

"चालू द्या. तोवर पातेली उतरवायला दुसरी बाई मिळेलच."

बुधवारी लिहून दिलं. दोन ओळी, खाली सही. लिपिकाने शिक्का मारला आणि मला पोच दिली. मी स्वयंपाकाच्या खोलीकडे पाहिलं. एक अनोळखी बाई झारा धुत होती. गटाने मंगळवारीच नवीन नाव कळवलं होतं. आता नाव परत बदलायचं तर पुन्हा प्रस्ताव, पुन्हा मंजुरी. मुख्याध्यापक म्हणाले, "शुक्रवारी मिळालं असतं तर बरं झालं असतं." बोलताना त्यांचा आवाज चढलाही नाही.

म्हणजे हिशेब असा झाला. आईचं काम गेलं ते गेलंच. आणि मुलगी खोटं लिहिते असा माझ्या सहीचा कागद शाळेच्या फायलीत लागला, तो आजही असेल. दोन्हीपैकी एक टाळायचं म्हणून मी पाच दिवस घेतले आणि दोन्ही करून बसले.

नंतर मी धावपळ केली. कामांची यादी केली, सात कलमी. गटाच्या अध्यक्षांना भेटणे, दुसऱ्या शाळेतल्या गटात विचारणे, ओळखीच्या डबेवाल्या काकूंकडे शब्द टाकणे, असं सगळं. सातही कलमांपुढे 'झाले' अशी खूण आहे. काम कुठेच झालं नाही. वैशालीच्या आईने मधल्या काळात धुण्याभांड्याची कामं धरली, तीही स्वतःच शोधून.

पेटी मात्र भरत राहिली. पूर्वीपेक्षा जास्तच. चिठ्ठ्या आता नेटक्या यायच्या. मी मैत्रिणीचं खोडरबर घेतलं, परत दिलं. मी आईला सांगितलं दूध प्यायले, पण मांजराला घातलं होतं. पूर्वी यायच्या तशा, हातात धरवत नाहीत अशा, एकही नाही. कंपनीची माणसं भेटीला आली तेव्हा त्यांना या चिठ्ठ्या फार आवडल्या. मुलांमधला बदल कागदावर दिसतो आहे, असं ती म्हणाली.

डिसेंबरात ओळखीच्या गोल अक्षरातली एक चिठ्ठी निघाली. 'मी काल गृहपाठ केला नाही. मला माफ करा. वैशाली.' मी ती सय्यद सरांना दाखवली. त्यांनी वाचली आणि कपाटातून तिची वही काढून माझ्यापुढे धरली. आदल्या दिवशीचा गृहपाठ पूर्ण होता, खाली त्यांची लाल सही.

"केला होता की तिने," मी म्हटलं.

"केला होता," ते म्हणाले. "तुम्हाला कसलं खरं चालतं, ते तिला कळलंय."

जूनमध्ये वैशालीने शाळा बदलली. मी पुढे दोन वर्षं काम केलं आणि सोडलं. सोडताना माझा सत्कार झाला, आणि भाषणात माझ्या तक्त्याचं कौतुक झालं. तो आता इतर जिल्ह्यांतही वापरतात. पाच रकाने, तसेच.

गेल्या महिन्यात सासूबाईंच्या ज्येष्ठ नागरिक ओळखपत्राचा अर्ज भरायचा होता. ऑनलाईन अर्ज भरून देणाऱ्या एका दुकानात गेले. दुकान कुठे ते लिहीत नाही. संगणकावर बसलेल्या मुलीने मान वर केली आणि म्हणाली, "या मॅडम. बसा."

मी लगेच ओळखलं. उंच झाली होती, केस बांधलेले. कॉलेज करून संध्याकाळी इथे बसते म्हणाली. मी माझी वही काउंटरवर उघडून ठेवली होती, कागदपत्रांच्या यादीसाठी. ती नाव, जन्मतारीख, पत्ता विचारत गेली, मी सांगत गेले. रक्तगटापाशी अडले. सासूबाईंचा रक्तगट माझ्याकडच्या एकाही कागदावर नव्हता.

"घरी फोन करून बघते. थांब जरा."

"राहू द्या," ती म्हणाली. "हा रकाना रिकामा सोडला तरी चालतं. काही होत नाही."

तिने तो सोडला आणि पुढे गेली. तिला काही सुचवायचं होतं असं मला वाटत नाही. रोज संध्याकाळी कितीतरी जणांना ती हेच सांगत असेल.

मी विचारलं, "आई कशी आहे?"

"बरी आहे."

"कामाला जाते?"

"जाते की."

"कुठे?"

टाइप करणारे हात थांबले. तिने माझ्या उघड्या वहीकडे पाहिलं, वहीत अडकवलेल्या पेनकडे पाहिलं. रागाने नाही. एखाद्याला गोड चालत नाही हे लक्षात ठेवून आपण त्याच्यापुढची वाटी उचलतो, तसं ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही लिहून ठेवता."

मी पेन पर्समध्ये टाकलं. वही मिटली आणि तीही टाकली. पर्सची चेन लावली. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. संगणकाच्या पडद्याकडे बघतच, अर्जातला पुढचा प्रश्न विचारावा तशा आवाजात, तिने मला सांगितलं. आई कुठे जाते, काय करते, आणि तिथे तिला काय घरी नेऊ देतात, तेसुद्धा.

मग म्हणाली, "फोटो आणलाय ना आजींचा?"

घरी येऊन रोजच्यासारखी वही उघडली. सासूबाईंचा अर्ज, झाला. गॅसचा नंबर, लावला. त्याखाली एक ओळ मोकळी सोडली आहे. वैशालीने सांगितलेलं सगळं मला आठवतं. ते मी तिथे लिहिलेलं नाही, आणि इथेही नाही.